वायच हात लावा

मिशिगनमध्ये मे उजाडला की बोटींवरचं पांढरं प्लास्टिक टराटरा फाडल्याचे आवाज जिकडेतिकडे ऐकू येतात. हिवाळ्याआधी बोट त्यात घट्ट गुंडाळून ठेवायची आणि उन्हाची पहिली तिरीप आली की सुरी घेऊन निघायचं, हा इथला रिवाजच आहे. आमची बोट घरापुढे नसते. आमच्या वसाहतीच्या नियमात ट्रेलर बसत नाही, म्हणून हायवेलगतच्या एका आवारात भाड्याची जागा घेतली आहे. खाली नुसती खडी आणि चहूबाजूंनी तारेचं कुंपण. वीज नाही की नळ नाही. त्या शनिवारी नवरा कामासाठी बाहेरगावी होता, म्हणून मी एकटीच ट्रक घेऊन गेले. आरशात बघत ट्रकच्या मागचा ट्रेलर जोडायचा गोळा ट्रेलरच्या तोंडासमोर नेमका आणला. हे काम मला छान जमतं, आणि ते सांगायला मला आवडतंही. पण हिवाळाभरात ट्रेलरचं पुढचं टोक उचलून धरणाऱ्या जॅकचं छोटं चाक खडीत रुतलं होतं आणि ट्रेलरची पुढची दांडी, इथल्या भाषेत टंग, गोळ्यापेक्षा चार बोटं खाली बसली होती. म्हणजे आधी ती उचलणं आलं. मी हँडल फिरवायला लागले. माझा उजवा खांदा गेल्या वर्षी आखडला तेव्हापासून पुरता सुटलेला नाही, त्यामुळे अर्धा वेढा उजव्या हाताने, अर्धा डाव्या हाताने असं चाललं होतं. गंजलेल्या दात्यांचा करकराट, ग्रीसचा वास, बोचरा वारा. तेवढ्यात शेजारच्या जागेत आपल्या बोटीशी झटत असलेला एक उंच माणूस आला, ‘आय गॉट इट’ म्हणाला आणि माझ्या हातातून हँडल काढून घेतलं. त्याने भराभरा वेढे मारले, दांडी वर आली. टोपीला हात लावून तो गेलासुद्धा.

उपकारही वाटले आणि रागही आला.

घरी येऊन लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘आई, ही वॉज जस्ट हेल्पिंग. त्यात काय एवढं?’ खरंच त्यात काही नव्हतं. माणूस सभ्य होता, हसरा होता आणि त्याच्यामुळे माझी वीस मिनिटं वाचली होती. पण हँडल हातातून गेलं त्या क्षणी माझी बोटं काही वेळ तशीच वळलेली राहिली होती आणि मी बाजूला उभी राहून त्याचं काम बघत होते, अगदी पाहुण्यासारखी. त्याने ‘हात लावू का?’ एवढं विचारलं असतं तर मी आनंदाने हो म्हटलं असतं. म्हणजे मला मदत नको होती असंही नाही. दोन दिवस हे डोक्यात घोळत राहिलं आणि तिसऱ्या दिवशी मी बटणावर चालणारा जॅक शोधायला बसले. मनातली खुसपटं काढत बसण्यापेक्षा सामान विकत घेणं सोपं असतं, हा अमेरिकेत राहून लागलेला गुण.

बोट म्हणजे काही चिटुकली होडी नव्हे. चोवीस फुटी आहे, पोटात एक बुटकी केबिन आहे आणि मागे एवढं मोठं इंजिन. ट्रेलर, पेट्रोल, नांगर, लाइफ जॅकेटं आणि कोणी कधीच न उघडलेल्या दोन पेट्या धरून सगळं साडेसात हजार पौंडांच्या घरात जातं, म्हणजे साधारण ३,४०० किलो. त्यातला किती भार दांडीवर येतो, हे बघायला आम्ही हायवेवरच्या ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर गेलो. आधी नुसता ट्रक तोलायचा, मग ट्रेलर जोडून. ट्रकच्या चाकांवरचं वजन जेवढं वाढेल तेवढा दांडीचा भार. आमचा सातशे पौंडांच्या आसपास निघाला. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या जवळपास भार दांडीवर असावा असं इथे धरून चालतात. तो फार कमी झाला तर सत्तर मैलांच्या वेगात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि एकदा ते सुरू झालं की ब्रेक मारूनही आवरत नाही. हे वाचताना मला सांगलीकडच्या आजोबांची बैलगाडी आठवली. कडब्याच्या पेंढ्या मागे जास्त रचल्या गेल्या की आजोबा ओरडायचे, ‘गाडी उलाळ होतीय, पुढं घ्या.’ जू वर उचललं जायचं आणि बैलांच्या गळ्याला फास बसायचा. भार पुढे फार झाला तर तेच बैल माना खाली घालून चालायचे. आजोबांकडे वजनकाटा नव्हता. ते जुवाला खालून हात लावून बघायचे आणि गडी पेंढ्या हलवायचे.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न आला तो आकड्यांचा. विजेवरचे जॅक साधारण ३,५०० पौंडांपासून सुरू होतात, वर ५,००० चे मिळतात. काउंटरवरच्या मुलाने सरळ पाच हजारवाला पुढे सरकवला. सातशेच्या भाराला पाच हजार कशाला, विचारलं तर म्हणाला, असलेला बरा. त्याचं अगदीच चूक नव्हतं. कधी कपलरची, म्हणजे गोळ्यावर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडाची, कडी अडकून बसते आणि जॅक चढवायला लागलं की ट्रेलरबरोबर ट्रकचा मागचा भागही वर यायला लागतो. तेव्हा सातशेचा हिशोब कोलमडतो. पण त्यासाठीसुद्धा साडेतीन हजार पुष्कळ झाले. शिवाय जॅक मोडतो तो बहुतेक वेळा वजनाने नाही, आडव्या धक्क्याने. चाकांना अडण्या न लावता ट्रेलर सोडला, तो चार इंच सरकला, की नळी वाकलीच. मग ती पाच हजारांची असो की दहा हजारांची. त्या मुलाने अडण्यांचं नावही काढलं नाही. त्या पंधरा डॉलरला मिळतात.

खरी मेख निघाली ती जोडणीत. बाजारातले बहुतेक विजेचे जॅक घरगाड्यांच्या ट्रेलरसाठी बनवलेले असतात. त्यांची दांडी इंग्रजी ए अक्षरासारखी असते, टोकाशी जाड पत्रा, पत्र्यात मधोमध भोक आणि भोवती तीन बोल्टांची जागा. वरून जॅक सोडला, तीन बोल्ट आवळले, झालं. आमच्या ट्रेलरला एकच सरळ चौकोनी दांडी आणि तिच्या तोंडाशी सर्ज ब्रेकचा डबा. ट्रक थांबायला लागला की मागून बोट रेटते, त्या रेट्याने डब्यातलं तेल दाबलं जातं आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. मोठी हुशारीची चीज आहे, पण तीन बोल्टांना तिथे जागा ठेवलेली नाही. वेल्डिंग करून पत्रा बसवावा तर दांडीवर जस्ताचा मुलामा आहे. तो जाळला की विषारी धूर होतो आणि जळलेल्या जागी पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. शेवटी यू आकाराच्या बोल्टांनी बाहेरून कवटाळणारा एक कंस सापडला. त्यातही एक गोम होती. आमचा जुना जॅक वापर झाला की आडवा फिरून दांडीला चिकटून बसायचा. हा नवा उभाच राहणार. म्हणजे त्याचा पाय किती वर जातो ते बघायला हवं, नाहीतर बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पच्या कडेला किंवा रेल्वेच्या रुळावर घासून जायचा. नळीची चाल अठरा इंच, आणि पायाचा खालचा तुकडा पिन काढून वर सरकवता येतो. मी दारातल्या फरसबंदीवर गुडघे टेकून जॅकला टेप लावला. नवरा वरून बघत होता. म्हणाला, ‘तू लग्नात एवढं मोजमाप केलं नव्हतंस.’

आणि मग वीज. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, कारण तो कोणी सांगितला नव्हता. घरगाडीच्या ट्रेलरला स्वतःची बॅटरी असते. आत दिवे, पंखा, फ्रीज असतो, तिथे जॅकची एक तार जोडली की संपलं. बोटीच्या ट्रेलरला बॅटरी कुठली? त्याला ट्रककडून येते ती पाच तारांची चपटी दोरी. तिच्यात शेपटीचे दिवे, सिग्नल आणि पाचवी तार ट्रक मागे घेताना ते सर्ज ब्रेक लागू नयेत म्हणून. जॅक चालवण्याइतकी वीज त्यात नसते. बोटीची स्वतःची बॅटरी आहे, पण ती मागे, इंजिनापाशी. तिथून पुढच्या टोकापर्यंत पंचवीस फूट तार ओढायची म्हणजे तार चांगली जाड हवी, नाहीतर वाटेतच व्होल्टेज गळतं आणि मोटर रडत रडत फिरते. जॅकला ३० अँपिअरचा फ्यूज लागतो, एवढ्यावरून त्याची भूक कळते. पण ती भूक क्षणाची आहे. पंचवीस अँपिअर एक मिनिट खेचले तरी अर्ध्या अँपिअर-अवरपेक्षा कमी खर्च होतो. म्हणजे बॅटरी लहान चालेल, फक्त जोरकस हवी. मग कुठली? लिथियमची हलकी असते, पण शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, आणि इथे डिसेंबर ते मार्च पारा वारंवार शून्याखाली जातो. शिशाची बॅटरी भरलेली असेल तर थंडीला दाद देत नाही, उतरलेली असेल तर गोठून फुगते. मी शिशाचीच सीलबंद घेतली, दांडीवर झाकणाच्या डब्यात बसवली आणि वर पुस्तकाएवढं सोलर पॅनेल. नवऱ्याचा आग्रह वेगळा होता. त्याच्या मते एवढ्या खटाटोपाची गरजच नव्हती. जुन्या जॅकच्या हँडलच्या जागी षट्कोनी टोक बसवायचं आणि घरातल्या ड्रिलने फिरवायचं. चाळीस डॉलरमध्ये काम. बोलणं अगदी खरं. पण त्या ड्रिलचा झटका मनगटातून थेट खांद्यात येतो, आणि खांदा माझा आहे.

हे सगळं चालू असताना मला सारखी आजोळची काकी दिसत होती.

आजोळ मालवण तालुक्यात, समुद्राला लागून. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिथे असायचो आणि सुट्टी संपता संपता, मिरगाच्या आधी, होड्या वर ओढायचा मोसम यायचा. वाळूवर ओंडके मांडायचे, होडीचं नाक त्यांच्यावर चढवायचं आणि दहा-पंधरा जणांनी दोन्ही बाजूंनी खांदे लावायचे. एकजण आरोळी ठोकायचा, बाकीचे ओ द्यायचे आणि होडी हातभर पुढे सरकायची. मागून मोकळा झालेला ओंडका उचलून पोरं पुढे पळायची. ते काम आमचं. ओल्या लाकडाला माशांचं तेल लागलेलं असायचं, हाताचा वास दोन दिवस जात नसे. माडांच्या सावलीत होडी पोचली की ती झावळ्यांनी शाकारायची, आणि ज्याची होडी त्याच्या घरून चहा आणि खोबरं घातलेले पोहे यायचे. मी ही गोष्ट इथे अनेकांना सांगितली आहे. मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात तर माइकवरून सांगितली, लोकांना फार आवडली. सांगताना मी काकीला मात्र नेहमी वगळत आले.

काकी शेजारच्या घरातली. नवरा गेलेला, मुलगा माझ्याहून लहान. होडी नवऱ्याची होती, ती एका माणसाला अर्धलीने दिलेली. तो मासे मारायचा, निम्मे तिला द्यायचा. पण होडी वर ओढायची जबाबदारी तिची. ती संध्याकाळी किनाऱ्यावर येऊन उभी राहायची. ‘वायच हात लावा रे,’ म्हणजे जरा हात लावा, एवढंच म्हणायची. कोणी नाही म्हणत नसे. ‘फाल्यां बगूया, काकी,’ म्हणायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा फाल्यां. तिच्या सासऱ्याचं आणि वाडीतल्या एका मोठ्या घराचं जमिनीवरून काहीतरी होतं, ते आम्हा मुलांना कुठलं कळायला. आम्हाला एवढंच दिसायचं की सगळ्यांच्या होड्या माडाखाली गेल्या तरी काकीची एकटी वाळूवर आहे आणि भरतीचं पाणी रोज थोडं जवळ येतंय. मग कधीतरी, पहिला पाऊस पडून गेल्यावर, माझे मामा आणखी चारजणांना घेऊन ती ओढून द्यायचे. काकी त्या दिवशी सगळ्यांना पोह्यांच्या जागी कोंबडी-वडे करायची. तेव्हा वाटायचं, किती हौशी आहे! आता वाटतं, चार होड्यांचा चहा आणि एका होडीची कोंबडी, यातला फरक वाडीत सगळ्यांना ठाऊक असणार.

म्हणून माणसाऐवजी बटण आलं की माणुसकी गेली, असं कोणी म्हणालं की मी हल्ली मान डोलवत नाही. हात लावायला माणसं लागत होती तेव्हा ती कोणासाठी लागायची आणि कोणासाठी नाही, हेही कोणीतरी ठरवत होतं. काकीला मी त्या जॅकशेजारी आणून उभी करत नाही, तिच्या होडीला ट्रेलर नव्हता की ट्रक नव्हता. पण वाळूवर वाट बघत उभं राहण्याची तिची पद्धत मला पाठ आहे. पदर कमरेला खोचलेला, हात रिकामे. त्या शनिवारी खडीवर मी तशीच उभी होते, फक्त माझं काम लगेच झालं.

जॅकच्या पोटात एक लांब आटे पाडलेला दांडा असतो, स्क्रूसारखा. मोटर तो फिरवते आणि नळी वरखाली होते. आट्यांचा चढ इतका मंद ठेवलेला असतो की सातशे पौंडांनी वरून कितीही दाबलं तरी घर्षणामुळे दांडा उलटा फिरत नाही. वीज गेली, बॅटरी मेली, तरी जॅक आहे तिथे उभा राहतो. धरून ठेवायला त्याला काही लागत नाही, लागतं ते फक्त हलवायला. आणि अगदीच अडलं तर डोक्यावरचं रबरी बूच काढून हाताने फिरवायची सोय आहे. हँडल सोबत येतं. मी ते ट्रकच्या सीटखाली ठेवलंय.

बसवल्यानंतर पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा घुर्र आवाज करत बोटीचं नाक हळूहळू आभाळाकडे निघालं, आणि मागच्या बुचातून हिवाळाभराचं साचलेलं पाणी बदाबदा पडायला लागलं. हा मला न सुचलेला फायदा. आमच्या भागातलं सेंट क्लेअरचं तळं तसं उथळ, सरासरी खोली ११ फुटांच्या आसपास, पण १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा झेब्रा शिंपले सापडले ते तिथेच. परदेशी जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आलेले. नंतर ते सगळ्या मोठ्या तळ्यांत पसरले. त्यामुळे २०१९ पासून मिशिगनमध्ये बोट रस्त्यावर आणण्याआधी बुचं काढून पाणी सांडायचा कायदाच आहे. जुन्या हँडलने नाक एवढं वर न्यायचा कंटाळा यायचा, मग थोडं पाणी तळाशी राहायचं आणि ऑगस्टमध्ये केबिनला कुबट वास यायचा. आता बटण दाबून मी कॉफी पीत उभी राहते. तळ्याचा रॅम्प मात्र लांबट उताराचा आहे. ट्रेलर बराच आत घ्यावा लागतो आणि दांडीचं टोक पाण्याला टेकतं. मोटर पावसाला भीत नाही, बुडवलेली तिला चालत नाही. त्यामुळे रॅम्पवर लेक मागे उभी राहून हात वर करते, तिथे थांबायचं. आणि दर महिन्याला तारांची टोकं पुसायची. डेट्रॉईट शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, आणि हिवाळाभर इथल्या रस्त्यांवर मीठ पसरलेलं असतं. गोड्या पाण्याच्या काठी राहूनही माझ्या बोल्टांना मालवणसारखाच गंज चढतो.

मामेभावाला व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. जॅक वर नेला, खाली आणला, वरचा दिवा लावून दाखवला. त्याने कौतुकाने पाहिलं. ‘कितक्याक पडलो?’ कंस, बॅटरी, पॅनेल धरून पाचशे डॉलरच्या आसपास, मी म्हटलं. त्याने मनातल्या मनात रुपये केले. ‘गो बाय, तेवढ्यात मी अख्खी वाडी आणतंय, वर जेवान घालतंय.’ मग स्वतःच हसला. हल्ली तिथे होड्या जेसीबीने ओढतात, तासावर पैसे. फोन केला की तोही फाल्यां म्हणतो म्हणे. मी विचारलं, ‘काकीसाठी आणली असतीस रे वाडी?’ तो आणि मी एकाच वयाचे, ओंडके घेऊन दोघंही बरोबर पळायचो. ‘ता ऱ्हवांदे,’ तो म्हणाला, ‘बॅटरी किती वर्सां टिकता ता सांग.’ मी सांगितलं, हिवाळ्यात उतरू दिली नाही तर चार-पाच.